अण्णांसाठी हलका गळ: तलावावर गरवायच्या संचाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

अण्णांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. मनगट आणि कोपर व्यवस्थित चालतात, हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. आज डॉक्टरांनी हलक्या कामाला मोकळीक दिली. घरी येऊन चपला काढायच्या आधीच अण्णांनी विचारलं, "मग तलावावर कधी जायचं?"

त्यांनी आयुष्यभर हातदोरीने गरवलं, म्हणजे रॉडशिवाय, नुसत्या दोरीला गळ लावून मासे धरले. पत्र्याच्या गोल डब्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ आणि शिसं. शिसं डोक्यावर दोनदा गरगर फिरवायचं आणि सोडायचं. ते आता होणे नाही. तेव्हा काम असं: रॉड आणि रीलचा असा संच जुळवायचा, की तो डाव्या हातात पेलेल, खांद्याच्या खालूनच टाकता येईल आणि मोठा मासा लागला तरी खांद्याला हिसका बसणार नाही. महिन्याभरात व्हायला हवं. ते रोज विचारणार, आणि मलाही त्यांना काठावर बसलेलं बघायचंय.

६ ऑक्टोबर

माळ्यावरचा जुना फायबरग्लासचा रॉड काढला. लांबी २.४ मीटर, वजन ३१० ग्रॅम. अण्णांच्या हातात दिला तर दोन मिनिटांत टोक खाली यायला लागलं. बाद.

लांब रॉड लांब फेकतो, म्हणून बहुतेक जण लांबच घेतात. पण मासा ओढतो तेव्हा रॉड ही तरफ असते आणि तरफेचा आखूड भाग आपल्याकडे असतो. रॉड सरळ राहिला आणि टोकाला काटकोनात ८०० ग्रॅमची ओढ बसली, तर २.४ मीटरच्या रॉडवर मनगटाला जो पीळ पेलावा लागतो, तो १.८ मीटरच्या रॉडपेक्षा एक तृतीयांशाने जास्त असतो. मासा तोच, ओढ तीच, त्रास मात्र जास्त आपल्याला.

दुसरी गोष्ट वाकण्याची. काही रॉड फक्त शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतात. त्यांना फास्ट म्हणतात. मासा टोचला की ते लगेच कळवतात, पण ओढ सुरू झाली की खालचा भाग काठीसारखा ताठ राहतो. मध्यम ॲक्शनचा रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो. वाकला की टोक आपल्या जवळ येतं, तरफ आपोआप आखूड होते आणि हिसका रॉडमध्येच जिरतो. अण्णांसाठी हाच.

ठरलं: १.८ मीटर, ताकदीने मीडियम-लाइट (मध्यमपेक्षा थोडा हलका), मध्यम ॲक्शन. एका मित्राने त्याचा वापरलेला कार्बनचा रॉड दिला. वजन ११० ग्रॅम. मुठीच्या वर दांड्यावर छापलंय: तंगुसाची ताकद ४ ते ८ पाउंड, म्हणजे साधारण १.८ ते ३.६ किलो, फेकायचं वजन ५ ते १५ ग्रॅम. रॉड निवडताना ही बारीक अक्षरांतली ओळ रंगाआधी आणि नावाआधी वाचावी. पुढचं सगळं तिच्यावरून ठरतं.

कार्बनबद्दल एक गोष्ट अण्णांना दोनदा सांगितली, इथेही लिहून ठेवतो. कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे हा रॉड उभा करायचा नाही. आणि ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून काठावरून उठायचं, मग गळाला काहीही लागलेलं असो.

९ ऑक्टोबर

रील. २५०० मापाचं स्पिनिंग रील, २४० ग्रॅम. प्रमाण ५.२:१, म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की रोटर, म्हणजे तंगूस गुंडाळणारा फिरता भाग, स्पूलभोवती (तंगूस ज्यावर गुंडाळला जातो त्या रिळाभोवती) पाच फेऱ्यांपेक्षा थोडं जास्त फिरतो. याहून वेगवान रीलही मिळतं, पण त्याचं हँडल ओढीखाली जड लागतं.

अण्णा रीलकडे जरा परकेपणाने बघत होते. मी बेल, म्हणजे तंगूस अडवून धरणारी तारेची कमान, उघडली आणि तंगूस स्पूलच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटून कसा जातो ते दाखवलं. ते लगेच म्हणाले, "हा माझा डबाच की!" अगदी बरोबर. डबा फिरत नाही, दोरी त्याच्या काठावरून घसरत जाते. या रीलचं स्पूलही टाकताना जागचं हलत नाही. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली इंग्लंडमध्ये अशा रीलचं पेटंट घेतलं. ते लोकरीच्या गिरण्या चालवणाऱ्या घराण्यातले. सूत गुंडाळलेल्या कांडीच्या टोकावरून धागा अलगद सुटतो, हे गिरणीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे रोजच असणार. अण्णांना हे ऐकून मनापासून आनंद झाला. डब्यावरून फेकायला ते लहानपणी कुणाकडून शिकले, ती सगळी हकिकत मग निघाली.

हँडल डावीकडे होतं, उजवीकडे केलं. रॉड डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने कोपर बरगडीला टेकवून नुसतं फिरवायचं. उजवीकडचं झाकण काढायचं, हँडल सोडवून या बाजूने घालायचं आणि झाकण डावीकडे लावायचं. पाच मिनिटांचं काम.

११ ऑक्टोबर

तंगूस. विणलेला ब्रेड दोरा बारीक असून भक्कम असतो, आणि तोच घे असं मित्राने सुचवलं होतं. नाही घेतला. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक झटका थेट हातात येतो. शिवाय अण्णांची जन्माची सवय म्हणजे दोरीवर बोट ठेवून मासा जोखायचा. ताणलेला ब्रेड बोट कापतो. साधा एकेरी नायलॉन बराच ताणतो. लांबवर मासा टोचताना हा ताण आड येतो, पण आम्हाला तोच हवाय. ८ पाउंडाचा, ३.६ किलोचा घेतला.

रीलवर भरताना घाई केली की पुढे दरवेळी गुंता होतो. पद्धत अशी: पहिल्यांदा टोक रॉडवरच्या सगळ्या कड्यांतून ओवून, बेल उघडून स्पूलला गाठ मारायची. बेल उघडायची राहिली आणि गाठ मारली, तर सगळं पुन्हा करावं लागतं. तंगुसाचं नवं रीळ जमिनीवर आडवं ठेवायचं, अण्णांनी ओल्या फडक्याच्या चिमटीत तंगूस धरायचा, मी पंधरा फेरे गुंडाळायचे आणि थांबून तंगूस सैल सोडायचा. सैल भागाला पीळ पडून वेटोळी आली तर जमिनीवरचं रीळ पालथं करायचं. आम्हाला करावं लागलं. पालथं केल्यावर सैल तंगूस शांत लोंबकळला.

स्पूल काठोकाठ भरला नाही, कडेच्या खाली दोन मिलिमीटर मोकळे ठेवले. जास्त भरलं तर वेटोळी झुबक्याने सुटतात. कमी भरलं तर तंगूस कडेला घासत जातो आणि फेक आखूड पडते.

१५ ऑक्टोबर

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं.

तुटायचंच असेल तर कुठे तुटावं, हे आपण ठरवायचं. मुख्य तंगूस ३.६ किलोचा. गळाला बांधलेला शेवटचा चाळीस सेंटिमीटरचा तुकडा मुद्दाम कमी ताकदीचा, २.७ किलोचा. दोन्हींच्या मध्ये छोटी फिरती कडी. मासा लव्हाळ्यात घुसला किंवा गळ बुडालेल्या लाकडात अडकला, तर तो शेवटचा तुकडाच तुटेल. तरंडा (पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवतो तो), वजनं आणि मुख्य तंगूस परत येईल, माशामागे गळ आणि वीतभर तुकडा राहील. उलटं केलं तर मासा वीस मीटर तंगूस आणि तरंडा ओढत फिरतो, कुठेतरी अडकतो आणि तिथेच मरतो. अडकलेल्या तंगुसात पाणपक्षीही सापडतात. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो.

गळ ८ नंबरचा. आकडा वाढला की गळ लहान होतो: १० नंबर ८पेक्षा लहान, ६ नंबर मोठा. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. तंगूस ताणलेला ठेवला तर बिनकाट्याच्या गळावरूनही मासा सहसा सुटत नाही, आणि तंगूस तुटलाच तर तो गळ झटकून टाकू शकतो.

मग ड्रॅग. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक. ठरावीक ओढीच्या वर मासा ओढायला लागला की स्पूल घसरतो आणि तंगूस सुटत जातो. हाताने ओढून "बरोबर वाटतंय" म्हणायचं नाही, मोजायचं. तंगूस कड्यांतून ओवून टोक तानकाट्याच्या आकड्याला बांधलं, अण्णांनी रॉड ४५ अंशांत धरला आणि मी काटा सावकाश ओढत मागे गेलो. सगळ्यात कमजोर दुव्याच्या ताकदीचा पाव ते एक तृतीयांश हा नेहमीचा हिशोब. २.७ किलोचा पाव म्हणजे साधारण ७०० ग्रॅम. पहिल्यांदा काटा दीड किलोवर गेला तरी स्पूल हलेना. ड्रॅगची चकती थोडी थोडी सैल करत ७००वर आणलं. पाच वेळा ओढून पाहिलं: ७००, ७२०, ६९०, ७००, ७१०. सुटताना झटका नाही, सलग करकर आवाज.

अण्णांना विचारलं, "खांद्याला कळतंय का काही?" म्हणाले, "एवढं तर बादली उचलतानाही लागत नाही."

१९ ऑक्टोबर

मैदानात फेकायचा सराव. गळ काढून नुसतं दहा ग्रॅमचं वजन. रॉड डाव्या हातात, टोक जमिनीकडे, वजन गुडघ्याच्या उंचीवर लोंबतं. हलकेच मागेपुढे झुलवायचं आणि पुढे जाताना टोक वर उचलून तर्जनीवरचा तंगूस सोडायचा. खांदा जागचा हलत नाही. बाराव्या-तेराव्या फेकीपर्यंत अण्णा वजन पंधरा मीटरवर नेऊ लागले. मी नुसता बघत उभा होतो.

आणि मग तंगूस तुटला. गाठ नीट बसली नसेल असं समजून पुन्हा बांधली. आठ-दहा फेकींनंतर पुन्हा तुटला. नवा तंगूस, नवी गाठ, आणि मासाही लागलेला नाही. सराव थांबवला.

२० ऑक्टोबर

तुटलेली टोकं भिंगाखाली बघितली. गाठ घसरून सुटली असती तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं आलं असतं. तसं नव्हतं. टोक खरखरीत, एका बाजूने खवललेलं. नखांच्या चिमटीतून तंगूस ओढला तर शेवटचे तीन-चार मीटर खडबडीत लागले. म्हणजे कुठेतरी घासतोय.

एकेका कडीत कापसाचा बोळा घालून फिरवला. खालच्या पाच कड्यांतून बोळा स्वच्छ निघाला. टोकाच्या कडीत फिरवला तर तीन तंतू आत अडकून राहिले. भिंगातून बघितलं: कडीच्या आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर. नुसत्या डोळ्यांना ती दिसली नसती. प्रत्येक फेकीत आणि प्रत्येक गुंडाळणीत तंगूस त्या चिरेवरून जात होता.

वापरलेला रॉड घेणाऱ्याने हा बोळा आधी फिरवावा. मी पहिल्याच दिवशी फिरवायला हवा होता.

२३ ऑक्टोबर

टोकाची कडी बदलली. जुन्या कडीच्या धातूच्या नळीला मेणबत्तीची धग थोडी थोडी दिली. ज्योत फक्त नळीवर, कार्बनवर नाही, कारण जास्त तापलं की कार्बनचे तंतू धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं आणि शेंडा कायमचा कमजोर होतो. चौथ्या खेपेला गोंद सुटला आणि कडी पकडीने निघाली. शेंडा २ मिलिमीटर जाड, नव्या कडीची नळीही तेवढीच. गरम करून वितळणारा गोंद लावून बसवली आणि तो घट्ट व्हायच्या आत रॉडच्या बुडाशी डोळा लावून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत ना ते पाहिलं. कडी तिरकी बसली तर तंगूस पुन्हा तिच्या कडेला घासणार.

मुख्य तंगुसाचे पहिले सहा मीटर कापून टाकले. तुकडे बारीक चिरून डब्यात ठेवले.

२६ ऑक्टोबर

वजनं आणि तरंडा. घरात शिशाचे मणी भरपूर होते, ते वापरायचे नाहीत असं ठरवलं. काठावर सांडलेले मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि शिसं त्यांच्या अंगात भिनतं. हंस याने मरत होते म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आम्ही कथलाचे मणी घेतले. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३, म्हणून तेवढ्याच वजनाचा मणी आकाराने दीडपट भरतो. टंगस्टनची घनता १९.३, मणी इवलासा होतो, पण आम्हाला एवढा बारीक मणी लागत नाही.

अण्णांना हे एकदम पटलं नाही. "आम्ही दाताने शिसं दाबून लावायचो," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तेही आता बंद." ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच जुन्या डब्यातले मणी काढून मला दिले.

तरंडा चार ग्रॅम वजन पेलणारा. तीन ग्रॅमच्या वर वजन एकत्र, तरंड्याच्या खाली. एक छोटा मणी गळापासून वीतभर वर. बादलीत तपासलं: पाण्यावर फक्त लाल टोक, एक सेंटिमीटर. टोक जास्त वर राहिलं तर आमिष चोखणाऱ्या माशाला तरंड्याची ओढ जाणवते आणि तो सोडून देतो.

तलाव काठापासून थोड्याच अंतरावर दोन मीटरच्या वर खोल आहे आणि रॉड १.८ मीटरचा. तरंडा एका जागी पक्का बांधला तर तेवढा लांब तंगूस लोंबता ठेवून फेकताच येणार नाही. म्हणून सरकता तरंडा. तंगुसावर धाग्याची छोटी गाठ, तिच्याखाली मणी, मग मोकळा तरंडा. फेकताना तरंडा खाली वजनांपाशी असतो; पाण्यात पडला की वजनं खाली जातात, तंगूस तरंड्यातून सरकतो आणि मणी गाठीला अडला की थांबतो. धाग्याची गाठ कड्यांतून बिनबोभाट जाते.

३० ऑक्टोबर

गाठी. मी सुधारित क्लिंच मारतो, सहा वेढे. अण्णा तंगूस गळाच्या डोळ्यातून दोनदा ओवतात, मग पाच वेढे घेऊन टोक त्या दुहेरी फाशातून काढतात. तानकाट्यावर दोन्ही तोडून पाहिल्या, २.७ किलोच्या तुकड्यावर, तीन-तीन वेळा. माझी २.२, २.३, २.१ला गेली. अण्णांची २.५, २.४, २.५ला. गळावर त्यांचीच गाठ राहणार.

एक गोष्ट दोघांचीही सारखी: आवळायच्या आधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घासून तापते आणि नायलॉन तिथेच नरमतो.

२ नोव्हेंबर

तलाव. परवानगी आधीच काढली होती. पहाटे पोचलो तेव्हा वारा आमच्या तोंडावर येत होता. समोरून येणाऱ्या वाऱ्याने फेक आखूड पडते, तरी तोच काठ निवडला. वारा वरचं पाणी आणि त्यावरचं बारीकसारीक खाणं याच बाजूला ढकलत आणतो, मासे त्यामागे येतात. हे मला अण्णांनीच शिकवलंय.

पहिल्यांदा खोली. गळाला जड वजन अडकवून फेकलं. तरंडा बुडाला, म्हणजे गाठ खाली आहे. गाठ वर सरकवली. पुन्हा बुडाला. चौथ्यांदा लाल टोक पाण्यावर दिसलं: २.१ मीटर. लव्हाळ्याच्या डावीकडे १.४. गळ तळाच्या बोटभर वर राहील अशी गाठ लावली आणि गांडूळ ओवलं.

साडेसातला तरंडा दोनदा थरथरला, बाजूला सरकला आणि तिरका होत गेला. अण्णांनी हातदोरीसारखा जोरात हिसका मारला नाही. नुसता रॉड उचलला. रॉड मधोमध वाकला आणि ड्रॅग करकरायला लागला. त्यांचा उजवा हात सवयीने हँडलकडे गेला. "अण्णा, ड्रॅग सुटतोय तोवर फिरवू नका." तेव्हा फिरवलं तर तंगूस आत येत नाही, नुसता पीळ भरतो. ते थांबले. मासा थांबला की रॉड सावकाश वर, मग टोक खाली नेत गुंडाळायचं. सहा-सात मिनिटं हे चाललं. डाव्या हाताची कोपर पोटाला टेकलेली, खांदा खाली, चेहऱ्यावर ताण नाही.

कार्प होता, ४६ सेंटिमीटर. रबराची जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवली होती. हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. गळ खालच्या ओठात होता, चिमट्याने एका वळणात निघाला. अण्णांनी त्याला पाण्यात दोन्ही तळव्यांवर धरून ठेवला. कल्ले दोनतीनदा उघडले, मिटले, आणि तो गेला.

दुसरा मासा नऊच्या सुमारास लागला आणि सरळ लव्हाळ्यात शिरला. रॉडने झटके द्यायचे नाहीत, हे ठरलेलं. अण्णांनी रॉड तंगुसाच्या रेषेत सरळ केला, मी स्पूलवर तळवा दाबला आणि दोघंही दोन पावलं मागे गेलो. तुटला. तरंडा, वजनं, फिरती कडी, आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटर तुकडा परत आला. मासा गेला याचं वाईट वाटलं. पण त्याच्यामागे तरंडा ओढला जात नाहीये, हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

३ नोव्हेंबर

सकाळी पहिल्यांदा खांद्याची विचारपूस. दुखत नाही. बोटांना जरा आंबल्यासारखं वाटतंय, तेवढंच.

रॉड ओल्या फडक्याने पुसला, जोडाच्या दोन्ही बाजू कोरड्या केल्या. टोकाच्या कडीत बोळा फिरवला, एकही तंतू अडकला नाही. ड्रॅगची चकती पूर्ण सैल केली. आवळून ठेवली तर आतल्या फेल्टच्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देतो. ती सैल आहे, तेव्हा निघण्याआधी तानकाट्यावर पुन्हा ७००वर आणायची. तंगूस उन्हाने नासतो, म्हणून रील गाडीत न ठेवता कपाटात ठेवलं.

राहिलेलं: ८ नंबरचे गळ चारच उरलेत, काटे दाबून ठेवायचेत. अण्णांना ६ नंबरचेही दोन हवेत. त्यांना बसायला पाठ असलेली खुर्ची न्यायची, काल स्टुलावर त्रास झाला. लव्हाळ्याच्या डावीकडची १.४ मीटरची जागा बघायची राहिली. रविवारी.